साबणाच्या लादीवरचा हात

कॉलेजसाठी मी रोज सकाळच्या पॅसेंजरने पिंगळीहून परभणीला जाते आणि दिवस मावळायच्या आत परत येते. त्या दिवशी गाडी पिंगळीला थांबली तेव्हा फलाटावर कोंडिबादादा उभे होते. माझ्या मामांचा साबणाचा छोटा कारखाना आहे, त्यात ते सुरुवातीपासून कामाला आहेत. मला घ्यायला ते कधीच येत नाहीत. त्यांच्या हातांवर साबण वाळून पांढरा झाला होता आणि तो धुवायचं त्यांना सुचलेलं दिसत नव्हतं. मी जवळ गेले तसे ते म्हणाले, "ताई, घरी चला. मामा गेले. बसल्या जागी गेले." एवढंच. मग रस्ताभर ते माझ्या मागून चालत राहिले. आषाढ होता, आभाळ खाली आलं होतं, पण वारा अजिबात नव्हता. मी दोनदा वळून पाहिलं. दोन्ही वेळा ते स्वतःच्या हातांकडे बघत चालले होते...

मन्मथआप्पा हे माझे सख्खे मामा. माझं गाव येलदरीकडे आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि ती मामांमुळे. "पोरगी माझ्याकडं ऱ्हाईल, गाडीनं जाईल-येईल," असं त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं आणि विषय संपवला. मी काही लेखिका नाही. पण मामांना जाऊन काही आठवडे झाले तरी ते गेले आहेत असं आमच्या घरात धड कुणालाच म्हणता येत नाही. ते का, हे सांगण्यासाठी लिहिते आहे.

मी घरी पोचले तेव्हा मामा पुढच्या खोलीत बसलेले होते. आम्ही लिंगायत. आमच्यात मयताला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून भिंतीशी बसवतात. मिरवणूकही बसवूनच निघते आणि मातीतही बसवूनच ठेवतात. मी हे लहानपणापासून पाहिलं आहे, मला त्याची भीती कधी वाटली नव्हती. पण मामांचा सगळा जन्मच असा भिंतीला टेकून, मांडी घालून, दुकानातल्या गादीवर बसण्यात गेलेला. त्यामुळे त्यांना बसवण्यासाठी कुणाला काही करावंच लागलं नव्हतं असं वाटत होतं. मानसुद्धा नेहमीसारखी किंचित उजवीकडे कलली होती, गिऱ्हाइकाचं ऐकून घेताना कलायची तशी. शेजारच्या सरूबाई हळूच म्हणाल्या, "आप्पा दुकानात बसल्यागत दिसायलेत." त्यावर मामी म्हणाल्या, "बसू द्या. आज कुणी उठवायला येणार न्हाई." कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. ते हसले की काय हे बघितल्यासारखं.

मग विधी करायला स्वामी आले. आमच्यात जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग शेवटी डाव्या तळहातावर ठेवतात. रोजची पूजाही डाव्या तळहातावर लिंग ठेवूनच करायची. म्हणून मामा डावा हात जपायचे. कारखान्यातलं तेल, कॉस्टिक सोडा, साबण, जे काही असेल त्याला उजवा हात. "डावा देवाचा, उजवा धंद्याचा. दोघांचं भांडण नको," असं ते म्हणत. स्वामींनी मामांची डावी मूठ उघडली आणि थांबले. तळहाताच्या रेषांमध्ये पांढरा साबण भरलेला होता. अंघोळ घालूनही तो निघाला नव्हता. "डाव्या हाताला? आप्पाच्या?" स्वामींनी विचारलं. मामींनी मला सांगितलं, "सुमन, मागून पाणी आण."

मागे म्हणजे अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे मोठी कढई आहे, चूल आहे आणि लाकडी चौकटी आहेत. कढईत तेल तापवून त्यात कॉस्टिकचं पाणी हळूहळू सोडायचं, घोटत राहायचं, दाट झालं की चौकटीत ओतायचं. तिथे साबणाची लादी बसते, मग तारेने तिच्या वड्या कापायच्या. मी गेले तेव्हा चूल केव्हाच विझून गार झाली होती. चौकटीत त्या दिवशीची लादी होती. जाता जाता माझा हात तिला लागला आणि मी दचकले. लादी गरम होती. नुकताच ताप उतरलेल्या माणसाचं अंग असतं तशी गरम. साबण बसताना आतून तापतो, हे मला ठाऊक होतं. मामांनीच कितीदा दाखवलं होतं. पण काही क्षणांपूर्वीच मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून आले होते आणि ते पाय गार होते... लादीच्या बरोबर मधोमध हाताचा ठसा होता. पाचही बोटं, रेषा, सगळं स्पष्ट. मामा नेहमी दाराच्या बाजूने उभे राहून लादीवर हात ठेवत. तिथून उजवा हात ठेवला तर अंगठा डावीकडे यायला हवा. या ठशाचा अंगठा उजवीकडे होता. तो डाव्या हाताचा होता. देवाच्या हाताचा.

लादीवर हात ठेवायची ही रीत मामांना चाचांनी दिली. चाचा म्हणजे परभणीतले एक म्हातारे साबणवाले, त्यांच्या घरात निजामाच्या काळापासून हा धंदा. मामांचं पिढीजात किराणा दुकान होतं. माल आणायला परभणीला गेले की ते चाचांच्या कढईपाशी जाऊन बसत आणि बघत राहत. चाचांनी एकदा त्यांचा हात धरून बसत्या साबणावर ठेवला आणि म्हणाले, "बेटा, साबन को आँख से नक्को देख. हात से पूछ." तळहात हलकाच ठेवायचा. चुणचुणला तर कॉस्टिक जास्त, चिकटला तर साबण कच्चा, मोकळा सुटला तर लादी नीट बसते आहे. मग उमटलेला ठसा लगेच थापीने मोडून टाकायचा. तो ठेवायचा नाही. का ते चाचांनी सांगितलं नव्हतं. ते गेल्यावर मामा एकदा मला म्हणाले होते, "सुमे, खरं सांगू? चाचा गेल्यापासून हात ठेवला की खालून बी कुणीतरी हात लावल्यागत वाटतंय." मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "भ्यायचं न्हाई. मालक हाय म्हणायचं आन् काम करायचं."

चालतं दुकान असताना साबण करायची बुद्धी त्यांना का झाली, हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. आम्हाला कॉलेजात उद्योजकाच्या प्रेरणा शिकवतात, आणि आता तर नवं आर्थिक धोरण आल्यापासून सर दर तासाला उद्योजक हा शब्द उच्चारतात. एका छोट्या व्यावसायिकाला भेटून या, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला लांब जावं लागलं नाही. मी कढईपाशी पाट टाकून बसले आणि विचारलं, "मामा, तुम्ही हा व्यवसाय का सुरू केलात?" कोंडिबादादा घोटता घोटता म्हणाले, "ताई, मामीच्या तावडीतून सुटायला. दुकानात बसले की मामी दिसत्यात, हितं मी दिसतो." मामा म्हणाले, "तू दिसतोस म्हणून तर परत दुकानात जावं वाटतंय." मग बराच वेळ ते चुलीतली लाकडं सारत राहिले. शेवटी म्हणाले, "माझा बाप जन्मभर गादीवर बसला. गेला त्या दिवशी बी साखर तीच, डाळ तीच. दुकानातल्या एका पोत्याला कळलं न्हाई, कोण गेलं ते. कढईचं तसं न्हाई. कढईपुढं मी न्हाई, तर साबण न्हाई." सरांनी शिकवलेल्या कुठल्याच प्रेरणेत हे बसेना. मी 'स्वावलंबन' असं लिहिलं.

त्यांच्या साबणाचं नाव बेलपान छाप. पिवळी वडी, वर तीन पानांचा ठसा. कपड्याचा साबण, वास फारसा नाही, पण हात सोलत नसे. हा धंदा त्यांनी सुरू केला तो मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचा सुरुवातीचा काळ होता. कोंडिबादादा बौद्ध वस्तीतले. ते ज्या शेतावर राबत, तिथून त्या दिवसांत त्यांना बोलावणंच येईना. मामांनी त्यांना कढईवर घेतलं. आजूबाजूच्या गावांत साबण जाऊ लागला तसा एका दुकानदाराने निरोप धाडला, "आप्पा, तुमच्या कढईत हात कोण घालतंय, ते ऐकलं." मामांनी उलटा निरोप दिला, "मळ काढायला साबण घेताय का जात काढायला? जात निघत असती तर मीच आधी अंघोळ केली असती." त्या दुकानातून साबण परत आला. दुसऱ्याही एक-दोन ठिकाणांहून आला. मामांनी त्या वड्या पुन्हा फळीवर रचल्या आणि दुसऱ्या दिवशी चुलीवर कढई लावली. आमच्या पुस्तकात लघुउद्योगापुढच्या अडचणी दिल्या आहेत. वीज, कच्चा माल, बाजारपेठ. या सगळ्या मामांना होत्याच. कॉस्टिकची वाट बघत कढई पालथी पडलेली मी पाहिली आहे. पण ही अडचण त्या पुस्तकात नाही.

मग टीव्ही आला. गावात फार थोड्या घरी होता, तरी पांढऱ्या पावडरीची गाणी बायांना पाठ झाली. त्यापाठोपाठ छोट्या पुड्या आल्या, जीप घेऊन फिरणारे विक्रेते आले, पेटीवर बादली फुकट आली. बाकीचे साबणवाले वडीत शिरगोळ्याची, म्हणजे एका मऊ दगडाची, पांढरी भुकटी घालू लागले. वडी जड होते, दिसायला मोठी दिसते. मामांनी ती घातली नाही. त्यांना काही फार मोठं तत्त्व सांगायचं होतं असं नाही. म्हणायचे, "भुकटी घातली की लादी हाताला बोलत न्हाई. मुकी होती." या उन्हाळ्यात एका मोठ्या कंपनीचे साहेब आले. शर्ट इस्त्रीचा, बोलणं गोड. त्यांनी मामांना एजन्सी देऊ केली. दुकान मोक्याचं आहे, आसपासच्या सगळ्या गावांना माल इथूनच जाईल, अट एकच, कढई बंद करायची. माझे वडील येलदरीहून मुद्दाम आले आणि म्हणाले, "आप्पा, घ्या. वय झालं. आता बसून खा." मामा म्हणाले, "बसून तर हायेच की मी." पण ते डळमळले होते, हे मला दिसत होतं. रोज संध्याकाळी ते शेडच्या दारात उभे राहत आणि रिकाम्या चौकटींकडे बघत. त्यांनी साहेबांना सांगितलं, "आषाढातला हा एक घाण निघू द्या. मग सांगतो." घाण म्हणजे एका वेळी कढईतून निघणारा माल. तोच हा शेवटचा.

त्या दिवशी काय झालं, ते आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळलं. मामी सांगतात, सकाळी त्यांनी चहाचा कप डाव्या हाताने धरला. "मी म्हणले, उजवा भाजला का काय? तर म्हणले, मुंग्या आल्यात, जातील." कोंडिबादादा सांगतात, घोटण्याचं शेवटचं काम मामा कधी कुणाला देत नसत. त्या दिवशी म्हणाले, आज तू घोट, मी सांगतो. उजवा हात मांडीवर ठेवून ते नुसतं सांगत राहिले. जरा थांब... आता सोड... हळू. कोंडिबादादांनी विचारलं, "मामा, बरं न्हाई का? डॉक्टरला आणू?" मामा म्हणाले, "कढई चुलीवर हाय. तेलात कॉस्टिक पडलंय. आता कुठं जातोस? ओतू दे आधी." लादी ओतली. दुपारी कोंडिबादादा जेवायला गेले. परत आले तेव्हा मामा चौकटीपाशी भिंतीला टेकून बसलेले होते, डोळे लादीकडे. "मला वाटलं, डुलकी लागली. मी म्हणलो बी, मामा, लादी मस्त बसली. मागनं कळलं, कुणाशी बोलायलोय ते." डॉक्टर नंतर म्हणाले, मेंदूत रक्त उतरलं, अंगाची उजवी बाजू सकाळपासूनच जात असणार. म्हणजे मामांना कळलं असणार. धंद्याचा हात गेला होता. लादीला विचारल्याशिवाय सोडायची नव्हती. म्हणून त्यांनी देवाचा हात ठेवला. ठसा मोडायला थापीपर्यंत मात्र पोचता आलं नाही...

हे सगळं कळलं ते तो डावा हात पाण्याने पुसून, त्यावर लिंग ठेवून मामांना मातीत बसवून आल्यानंतर. त्याआधी गावाने आपलं कारण शोधून ठेवलं होतं. देवाचा हात साबणाला लावला म्हणून आप्पा गेले. लादीत त्यांचा हात अडकला आहे. त्या लादीच्या साबणाने धुतलेले कपडे वाळणार नाहीत. सरूबाईंनीच येऊन सांगितलं, "वयनी, ती लादी नदीत सोडा. माझ्या मनात काही न्हाई, पर लोक म्हणायलेत." झरी गावच्या दुकानातून तर आधी दिलेल्या वड्यांबद्दलही विचारणा आली, या आप्पांच्या आधीच्या की नंतरच्या? मला हसू येत नव्हतं. खरं सांगायचं तर मीही शेडमध्ये एकटी जात नव्हते. लादी आता गार झाली होती, पण दारातून पाहिलं की ठसा थोडा खोल गेल्यासारखा वाटे. रोज थोडा.

मयतानंतरच्या जेवणाची आमच्यातली शिवगणाराधना झाली आणि दुसऱ्याच दिवशी मामींनी पदर खोचला. म्हणाल्या, "कोंडिबा, तार आण." त्यांनी ठशाच्या चारी बाजूंनी लादी कापली, मधला हाताचा चौकोन तसाच ठेवला. बाकीच्या वड्यांवर बेलपान उमटवलं. मग पहिली वडी घेऊन, भर सकाळी, दुकानापुढच्या हौदावर मामांचं धोतर धुवायला बसल्या. येणारेजाणारे थांबले. स्टेशनाकडे निघालेली माणसं थांबली. धोतर दोरीवर पडलं. वारा नव्हता, ढग होते. कुणी जात नव्हतं. मी दारात उभी होते, गाडी चुकली तरी मला हलवेना. दुपार व्हायच्या आत धोतर वाळलं. कोंडिबादादांनी ते हातात घेऊन सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाले, "वाळलं की वो! आता मामाच येऊन नेसत्यात का बघा, म्हंजी सगळ्यांचंच समाधान." तेव्हा कुठे एक म्हातारी हसली. मग बाकीचे. सरूबाईंनी जाताना एक वडी नेली. पदराखाली घालून नेली, पण नेली.

त्याच आठवड्यात कंपनीचे साहेब परत आले. दुःख व्यक्त केलं, मामांनी आषाढात सांगतो म्हटलं होतं याची आठवण करून दिली. "आता तुम्हाला एकटीला हे झेपणार नाही, ताई. कशाला हा उपद्व्याप?" ते मराठी आमच्याकडचं बोलत नव्हते, त्यामुळे मामींना काही शब्द नवे होते, पण अर्थ कळला. त्या म्हणाल्या, "मालकाला विचारते." मामी त्यांना शेडमध्ये घेऊन गेल्या, मीही मागून गेले. सकाळपासून पाऊस धरून राहिला होता, हवा जड झाली होती. फळीवर ठेवलेल्या साबणाच्या चौकोनात मामांचा तळहात होता, आणि त्याला घाम आला होता. प्रत्येक बोटाच्या टोकाशी थेंब, रेषांमधून थेंब. नुकताच काम थांबवलेल्या हातासारखा. साबण हवेतलं पाणी ओढतो, दमट दिवशी पाझरतो, हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत असेल. साहेबांना बहुधा माहीत नव्हतं. ते दारातच उभे राहिले. मामी वाकून बघत होत्या, एखादं मूल झोपलं की नाही हे बघावं तसं. मग त्या म्हणाल्या, "त्यांनी शेवटाला लादीला विचारलं आन् लादी बसली. म्हंजी धंदा नीट बसवून गेलेत, बंद करून न्हाई. तुमचा माल तुमी दुसरीकडं द्या, दादा. च्या घेऊन जा." साहेबांनी चहा घेतला नाही.

आता कढई मामी लावतात. मी कॉलेजातून आले की हाताखाली असते. लादीवर हात कोण ठेवणार हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. मामींनी स्वतःचा उजवा हात ठेवला, थोडा वेळ डोळे मिटून थांबल्या, आणि ठसा थापीने मोडून टाकला. "काय म्हणाली लादी?" मी विचारलं. "बरी हाय म्हणाली," मामी म्हणाल्या. मग हात पदराला पुसत हळूच, "खालून कुणीतरी हाय गं." मामांनी सांगितलं होतं तेच मी मनात म्हटलं, मालक हाय.

तो चौकोन शेडच्या फळीवर आहे. आता श्रावण चालू आहे. रोज सकाळी, मी गाडीला निघायच्या आधी, मामी उजाडताच तिथे जातात आणि चुलीला हात लावण्याआधी मामांच्या हाताकडे बघतात. हात कोरडा असला तर कोंडिबादादांना तेल चढवायला सांगतात. ओला असला तर त्या दिवशी कढई लागत नाही. दमट हवेत लादी नीट बसत नाही, हे त्यामागचं कारण आहे, आणि ते खरं कारण आहे. पण काल हात ओला होता. कोंडिबादादा आले, दारातून विचारलं, "मामी, आज लावायची का?" मामी पदराच्या टोकाने एकेक बोट टिपत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "न्हाई. आज न्हाई म्हणायलेत." कोंडिबादादांनी मान डोलावली, चपला पुन्हा पायात घातल्या आणि घरी गेले.